पऱ्याकाठचा हिरवा पट्टा: वाचनालय, रंगमंच, बाजार कुठे बसवायचे?

खाडीकाठी यांचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीसाठी आराखडा चालू आहे. सड्याखालून, म्हणजे कातळाच्या पठाराखालून, निघणारा पऱ्या (ओढा) बाजारपेठेच्या पाठीमागून खाडीला मिळतो. लांबी साधारण १.८ किमी, पाणलोट १८० हेक्टर. दोन्ही काठांना सरकारी जागा आहे, पण कुठे १२ मीटर रुंद तर कुठे ३५. शेवटच्या ४०० मीटरांत भरतीचं पाणी चढतं, तिथे कांदळ आणि चिपी ही खारफुटीची झाडं आहेत. वरच्या टोकाला निव्वळ कातळ.

मागण्यांची यादी अशी: वाचनालय आणि अभ्यासिका, ३०० माणसांचा खुला रंगमंच, मासळी-भाजीचा बाजार, स्वच्छतागृहं, खेळणी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाट, दोन साकव (लहान पूल). बैठकीत सिंगापूरच्या बिशान पार्कचे फोटो फिरले. तिथे २.७ किमीचा काँक्रीटचा कालवा मोडून ३.२ किमीची वळणदार नदी केली, तसं इथे करा म्हणतात. आणि त्याच बैठकीत दोन्ही बाजूंना उभी संरक्षक भिंत हवी असाही आग्रह.

भिंत घालायची की नाही, इमारती पट्ट्यात कुठे ठेवायच्या, आणि खाऱ्या हवेत टिकेल असं साहित्य कोणतं, एवढं हवं आहे. आकड्यांसकट सांगितलंत तर बरं.

---

पागोळी

इमारतींचं नंतर बघू, आधी पाणी मोजा. पक्का अभ्यास होईल तेव्हा होईल, आजचा अंदाज कागदाच्या पाठीवर निघतो. Q = C × I × A ÷ ३६०. Q म्हणजे विसर्ग, C वाहून जाणाऱ्या पावसाचा वाटा, I पावसाची तीव्रता, A पाणलोट. गाव-बागा-कातळ मिळून C ०.६ धरा, तासाला १०० मिमी पाऊस, १८० हेक्टर. उत्तर ३० घनमीटर प्रति सेकंद. कोकणात १०० मिमीचा तास काही नवलाचा नाही. इतक्या लहान पाणलोटात वरचं पाणी तासाच्या आत खाली पोचतं, म्हणजे प्रत्यक्ष तीव्रता त्या कमी वेळाची घ्यावी लागेल आणि ती जास्तच भरेल.

आता पात्राचा आडवा छेद. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरला तर १५ चौरस मीटर छेद लागतो. तळ ६ मीटर आणि खोली २ मीटर ठेवून उभ्या भिंती घातल्या तर मिळतात १२. त्याच तळाला दोन्ही काठ १ ला २ उताराचे केले तर वरची रुंदी १४ होते आणि छेद २०. जिथे ३५ मीटर जागा आहे तिथे भिंतीचा विचारच नको. १२ मीटरच्या चिंचोळ्या भागात एका बाजूला गॅबियनच्या (दगड भरलेल्या जाळीच्या पेट्यांच्या) पायऱ्या, दुसऱ्या बाजूला उतार.

पूररेषा जलसंपदा विभागाकडून आखून घ्या. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे काठ ते निळी रेषा यात बांधकाम नाही. बाग, मैदान, पार्किंग, ओट्यांचा उघडा बाजार अशा गोष्टी चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर.

म्हणजे तुमच्या यादीतलं वाचनालय पट्ट्याच्या आत येतच नाही. ते पट्ट्याच्या कडेला, रस्त्याला तोंड करून, लाल रेषेबाहेर. पट्ट्यात फक्त भिजलं तरी चालेल असंच ठेवा.

साकव एका गाळ्याचाच. मधे खांब आला की पहिल्याच पुरात झावळ्या, ओंडके, प्लास्टिक तिथे अडकतं आणि साकवाचा बांध होतो. विसर्ग ३० ते ३०० घनमीटर असेल तर रस्त्याच्या पुलांच्या मानकात पूरपातळीवर ९०० मिमी मोकळं सोडायला सांगितलंय, साकवालाही तेच लावा. कठडा उभ्या बारीक गजांचा नको, तिथेही कचरा चाळणीसारखा धरतो. आडवे दोन-तीन पाईप पुरे, पण लहान मूल मधून निसटू नये म्हणून सगळ्यात खालचे दोन जवळ जवळ.

---

चिरेबंदी

पागोळींच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीत वेग २ राहत नाही, ३ च्या वर जातो. १२ चौरस मीटरला ३ ने गुणलं की ३६ घनमीटर, म्हणजे भिंतवाल्यांचं गणित कागदावर बसतं. बैठकीत कोणीतरी इंजिनिअर हे मांडणारच, तयारीत राहा.

---

पागोळी

बरोबर, आणि उत्तर खालच्या ४०० मीटरांत आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती आणि पाऊस एका वेळी आले की तोंडाशी पाणी पुढे सरकतच नाही. वरून ३ च्या वेगाने आणलेलं पाणी तिथे थांबतं आणि बाजारपेठेत शिरतं. तिथे उपयोगी पडते ती साठायला मिळालेली जागा, आणि ती फक्त उताराचे काठ देतात. पट्ट्यातलं मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा ६०० मिमी खोल ठेवलं आणि ते ३००० चौरस मीटर असलं तर १८०० घनमीटर पाणी त्यात मावतं. ३० च्या विसर्गाला हे एका मिनिटाचं पाणी, फुशारकी मारण्यासारखं नाही. मात्र गावातल्या गटारांचं पाणी पऱ्यात जायला जागा नसते त्या तासाभरात ते नक्की कामाला येतं.

गटारांच्या तोंडाला झडपा लावणार असाल तर बिजागरीवर उघडणाऱ्या लोखंडी झाकणाच्या नकोत. बिजागरी गंजते, नाहीतर एक नारळ मधे अडकतो आणि भरतीचं पाणी उलटं गटारात. रबरी चोचीच्या झडपा घ्या, पुढे जाळी, आणि जाळीपर्यंत माणूस उतरू शकेल अशी पायरी. ही पायरी आराखड्यात हमखास विसरतात, मग जाळी कोणी साफ करत नाही.

बिशानचे फोटो दाखवायला हरकत नाही, फक्त सोबत हेही सांगा की तिथे पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आणि भोंगे-दिवे बसवलेले आहेत. काठावर मुलं खेळणार असतील तर तेवढं इथेही लागेल.

---

तिसरी घंटा

रंगमंचाबद्दल. ३०० माणसांचा खुला रंगमंच म्हटलं की अर्धगोल पायऱ्या, वर पत्र्याची कमान, मागे काँक्रीटची भिंत. कोकणात त्यावर खेळ होत नाहीत. पायऱ्यांवर शेवाळ चढतं आणि कमान पहिल्या वादळात जाते.

आधी कोण वापरणार ते लिहून काढा. दशावताराला फार मोठी जागा लागत नाही: ६ × ५ मीटरचा ओटा, मधे एक बाकडं, एका अंगाला पेटी-पखवाज-झांजवाले, मागे एक पडदा. नमन या लोकनाट्याला ८ मीटर रुंदी हवी. जाखडी नाचाला ओटा नकोच, ती जमिनीवर गोल धरून होते, ८ मीटर व्यासाचं सपाट अंगण पुरे. शिमग्यात पालखी नाचवायला किमान १५ × १५ मीटर मोकळं, आणि तिथे फरशी नको, पायताण काढून नाचतात. चोपलेल्या मुरुमाचं मैदान.

तेव्हा एकच मैदान आणि त्याच्या एका बाजूला ओटा. उंची ४५० मिमी, फार तर ६००. मीटरभर उंच केलात तर खाली बसलेल्या पहिल्या चार रांगांना नटाचे पाय दिसत नाहीत, आणि एरवी कोणी त्यावर बसायलाही जात नाही. ४५० ला तो इतर दिवशी कट्टा म्हणून वापरात राहतो. बसायला मैदानाच्या उतारावर चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) तीन-चार लांब ओळी, मधे गवत.

होळी उभी करायची जागा आराखड्यात धरा, नाहीतर पेव्हर उखडून खड्डा मारतील आणि चूक त्यांची नसेल. १.२ मीटर खोल, ६०० मिमी चौरस खळगा, तळाला पाणी जायला पाईप, वर उचलता येईल असं जड झाकण. झाड ४०-५० फुटी असतं, म्हणून त्या खळग्याभोवती निदान तेवढ्याच त्रिज्येत वरून एकही तार नको आणि जमिनीखालून केबल नको. सहाण, म्हणजे पालखी ठेवायची जागा, मात्र तुम्ही ठरवू नका. ती ग्रामदेवतेची, मानकरी आणि गुरव यांच्याशी बोलून ते सांगतील तिथेच, किंवा नाहीच.

वीज: ओट्याच्या मागे ३२ अँपिअरची थ्री-फेजची दोन कुलूपबंद सॉकेटं, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (गळती झाली की वीज तोडणारी कळ), पूरपातळीच्या वर. ती नसली की मंडळं खांबावर आकडा टाकतात.

वेळेचं काटेकोर सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि पुढच्या दुरुस्तीनंतर वाद्यंही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. रात्रभरचा दशावतार या ओट्यावर बसणार नाही, तो देवळाच्या जत्रेतच. इथे संध्याकाळी ७ ते १० चा खेळ धरून दिवे आखा. आणि इस्पितळ, शाळा किंवा कोर्ट १०० मीटरच्या आत असेल तर मैदान दुसरीकडे हलवा, तिथे शांतता पट्टा जाहीर झालेला असू शकतो.

ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकू जावं म्हणून शेवटची ओळ ओट्यापासून १८-२० मीटरच्या पुढे नको, आणि ओट्यामागे ३ मीटर उंच चिऱ्याची सरळ भिंत. चिरा खडबडीत असतो, म्हणून भिंत थोडी पुढे कलती घेतली आणि वरचा भाग गिलावा करून गुळगुळीत ठेवला तर आवाज पुढे फेकला जातो.

---

चिरेबंदी

साहित्याचं. कोकणात गंज कुठून सुरू होतो ते एका रेलिंगच्या पायाशी उकिडवं बसून बघा. पाईप काँक्रीटमध्ये गाडलेला असतो. उन्हाळ्यात पाईप आणि काँक्रीट वेगवेगळे फुगतात आणि भोवती केसाएवढी फट पडते. पावसात खारं पाणी त्या फटीत उतरतं आणि तिथेच राहतं. वरून रंग नवा दिसतो, दोन-तीन पावसाळ्यांनी फटीभोवती तांबूस कडं उमटतं, मग काँक्रीटचा टवका उडतो, आणि एके दिवशी कोणी टेकलं की पाईप जमिनीच्या रेषेला तुटतो. रंग मारून हे थांबत नाही. पाईप गाडायचाच नाही. खाली पाटी वेल्ड करा, ती फरशीच्या २५ मिमी वर राहील अशी बोल्टांवर टेकवा, खालून वारा आणि पाणी जाऊ द्या. बोल्ट ३१६ प्रतीचे स्टेनलेस. ३०४ समुद्राजवळ डागाळतो. ३१६ चा बोल्ट जस्ताच्या पाटीत घालताना मधे नायलॉनची चकती, नाहीतर जस्त आधी खाल्लं जातं.

जस्ताचा मुलामा गरम बुडवून, तोही वेल्डिंग आणि भोकं सगळी झाल्यावर. आधी मुलामा आणि नंतर साइटवर वेल्डिंग ही इथली नेहमीची चूक, प्रत्येक सांधा उघडा पडतो.

काँक्रीट: आयएस ४५६ प्रमाणे किनाऱ्याच्या हवेतलं काम ‘तीव्र’ गटात, किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी आवरण. खारे तुषार लागतील तिथे एम-३५ आणि ५०. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम-४० आणि ७५. आवरणाचे ठोकळे त्याच मिश्रणाचे पाडून घ्या. साइटवर खडीचे तुकडे किंवा फुटक्या लाद्या ठेवतात, तिथूनच पाणी सळईला पोचतं.

चिरा भिंतीला उत्तम, कट्ट्याला उत्तम, चालायच्या वाटेला नको. पावसात हिरवा होतो आणि म्हातारी माणसं घसरतात. वाट झाडूने रेषा ओढलेल्या काँक्रीटची करा, रेषा चालायच्या दिशेला आडव्या, आडवा उतार ५० ला १. मोकळी रुंदी १.८ मीटर हे किमान, बाजाराजवळ ३. उताराला १ ला २० मिळतो का बघा. १ ला १२ करावाच लागला तर ९ मीटरला सपाट टप्पा आणि दोन्ही हातांना कठडा. सायकल आणि चालणारे एकाच वाटेवर घातले तर दुचाक्या येतात. तोंडाशी खांब ९०० मिमी अंतराने रोवा म्हणजे चाकाची खुर्ची जाईल. दुचाकीही जाईल, त्यावर उपाय फक्त माणूस.

---

खाडीकाठी

फार उपयोग होतोय. तीन गोष्टी राहिल्या: स्वच्छतागृह, मासळी बाजार आणि झाडं. वनस्पतींसाठी सुरू, गुलमोहर, रेन ट्री अशी यादी ठेकेदाराने दिली आहे. आणि किनारा नियमन क्षेत्राची रेषा पऱ्यात कुठपर्यंत धरायची?

---

कांदळ

यादी परत करा. गुलमोहर आणि रेन ट्री ठिसूळ फांदीचे, मुळं वरवरची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-दापोली पट्ट्यात काय काय आडवं झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात सुरूही भरपूर होते.

खालच्या खाऱ्या टप्प्यात काही लावू नका. तिथे कांदळ-चिपी आपणहून येतात, फक्त भराव टाकू नका आणि भरतीचं पाणी अडवू नका. त्याच्या वरच्या बाजूला उंडी, पारोसा भेंड, करंज, निवर, खारा वारा सोसतात. मधल्या टप्प्यात काठावर तामण आणि जांभूळ, सावलीच्या जागी बकुळ आणि सुरंगी. सुरंगी हळू वाढते, पण फुलली की वाट विचारावी लागत नाही. माड वाटेवर किंवा बाकाच्या वर कधीच नको. नारळ पडतो, झावळ पडते, आणि नारळ उतरवणाऱ्या पाडप्याला वर्षातून तीन-चारदा बोलावणं नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात नसतं.

कातळावरचा खड्डा म्हणजे हौद. १ × १ × १ मीटर फोडून माती-शेणखत भरलं, जूनमध्ये रोप लावलं, ऑगस्टमध्ये मुळं कुजून मेलं. पाणी जायला जागाच नसते. उताराच्या बाजूला खड्ड्याच्या तळापासून बाहेर १५० मिमीची चर फोडा, ती खडीने भरा. हे जमत नसेल तिथे झाड लावू नका. कातळावर पावसाळ्यात रानफुलं येतात, तो तुकडा तसाच सोडणं हेही आराखड्यात लिहिता येतं. आणि काही करण्याआधी त्या सड्यावर कातळशिल्पं नाहीत ना, हे जाणकाराकडून बघून घ्या. मशीन एकदा फिरलं की परत आणता येत नाहीत.

जुन्या झाडाला पार बांधताना खोडाभोवती माती चढवतात. मूळ जमिनीच्या वर फूटभर माती आली की बुंध्याची साल कायम ओली राहते, बुरशी शिरते. पाराची भिंत खोडापासून दोन मीटर लांब आणि आतली जमीन आहे त्याच पातळीला. बसायचं भिंतीवर.

दिवे: समुद्राकडे तोंड करून पांढरे एलईडी नकोत. ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, पिल्लं मेपर्यंत निघतात, उजेडाकडे भरकटतात. वाळूचा किनारा जवळ असेल तर पिवळसर, खाली झाकलेले, खांब ४ मीटरच्या आत. पऱ्याच्या वरच्या टप्प्यात काजव्यांसाठी मे-जूनमध्ये दिवे मालवायचं वेगळं बटण ठेवा.

रेषेबद्दल: भरतीचा प्रभाव कुठपर्यंत हे वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्याचा खारेपणा हजारी ५ भाग कुठे आहे त्यावर ठरतं. एप्रिल-मेमध्ये मोजणी. २०१९ च्या अधिसूचनेत अशा खाडी-पऱ्याला भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा पात्राची रुंदी, जे कमी असेल ते. कांदळवन हजार चौरस मीटरहून मोठं असेल तर भोवती ५० मीटर मोकळं धरा. त्यातून लाकडी फिरायची वाट काढायचा मोह होईल, तीसुद्धा परवानगीशिवाय नाही. निरीक्षणाचा ओटा हवाच असेल तर त्या ५० मीटरच्या बाहेर, थोडा उंच.

---

व्हाळावयलो

आमच्याकडे पऱ्याला व्हाळ म्हणतात, दुखणी तीच.

मासळीचा ओटा व्हाळाच्या काठी नकोच. नियमात ओट्यांचा उघडा बाजार बसतो म्हणून भाजी तिथे बसवा. मासळीच्या पाण्यात खवले, रक्त, बर्फाचं वितळलेलं पाणी, ते सरळ पाण्यात जातं आणि दुसऱ्या दिवसापासून वाटेवर कोणी फिरकत नाही. मासळी रस्त्याकडे, मलनिस्सारणाला किंवा स्वतंत्र टाकीला जोडून. विकणारीला १.२ × १.५ मीटर, ओटा ६०० ते ७५० मिमी उंच म्हणजे तिला मांडी घालून बसता येतं आणि गिऱ्हाइकाला फार वाकावं लागत नाही. ओट्याला पुढे ४० ला १ उतार, खाली झाकणाची पन्हळ, पन्हळीच्या शेवटी खवल्यांची टोपली रोज उचलता येईल अशी. माथ्यावर छप्पर बाहेर मीटरभर काढा, तिरका पाऊस आत येतो. आराखडा भिंतीवर लावण्याआधी कोळणींना जमिनीवर चुन्याने आखून दाखवा. कोण कुठे बसणार हे त्या पाच मिनिटांत ठरवतात, तुमचं महिनाभरात ठरणार नाही.

स्वच्छतागृह: बायकांकडे पुरुषांच्या दुप्पट जागा. शोषखड्डा वरच्या बाजूला मातीच्या जागेत चालेल, कातळावर पाणी मुरत नाही. खाली खाजणाजवळ (भरतीच्या खाऱ्या जमिनीजवळ) तर चालणारच नाही, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर असतं. बंद टाकी घातलीत तर तरंगण्याचा हिशेब करा. ३ × १.५ × १.५ मीटरची टाकी पौणेसात घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे रिकामी असताना पौणेसात टनांचा धक्का वर. स्वतःचं वजन आणि वरची माती मिळून त्याच्या सव्वापट हवं, नाहीतर तळाला काँक्रीटची कड बाहेर काढून तिच्यावर माती दाबा. मैला उपसायची गाडी पोचेल असा रस्ता टाकीपासून ३० मीटरच्या आत.

वाचनालयाला एकच सांगतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते डोळ्यांसमोर ठेवून पुस्तकं वरच्या मजल्यावर. तळमजला उघडा, वर्तमानपत्रं आणि बसायला भिंतीतले कट्टे. कपाटं लोखंडी, बाहेरच्या भिंतीपासून १५० मिमी सुटी, कारण त्या भिंतीला पावसाळाभर ओल असते. प्लायवूड वाळवीला आमंत्रण. मंगलोरी कौलं घालत असाल तर कडेच्या आणि कोन्याच्या तीन ओळी स्टेनलेस तारेने बांधून घ्या, वारा तिथूनच उचकतो.

आणि चिरेबंदी भाऊ, काँक्रीटचा सगळा कार्यक्रम पंधरा मेच्या आत आटोपूक होयो, मागाहून ठेकेदार म्हणतलो पाऊस लवकर इलो.

---

चिरेबंदी

होय, आणि क्रमही सांगून टाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी ओसरल्यावर काठाची उतारकामं आणि गॅबियन, गॅबियनच्या मागे कापडी गाळणी विसरू नका नाहीतर पहिल्याच पावसात मागची माती वाहून पोकळी होते. डिसेंबर ते मार्च साकव आणि ओटे. एप्रिलमध्ये वाट, तोपर्यंत वाटेखालच्या वाहिन्या टाकून झालेल्या असाव्यात. रोपं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, खड्डे मात्र मार्चमध्येच फोडून उन्हात तापवा. हे सगळं एका हंगामात बसणार नाही. दोन हंगाम धरा, आणि पहिल्या पावसाळ्यात पाणी कुठून कसं गेलं त्याच्या खुणा काठावर रंगाने मारून ठेवा. दुसऱ्या वर्षीचा मैदानाचा उतार त्या खुणांवरून पक्का करा.

---

खाडीकाठी

मैदान शाळेपासून ७० मीटरवर येतंय, ते वरच्या बाजूला ढकलतो. वाचनालयासाठी रस्त्यालगत जुन्या गोदामाची जागा आहे, लाल रेषा आल्यावर जोत्याची पातळी इथे टाकेन.